मामाचा गेमबॉय

गेले काही रविवार आम्ही सभेला, बैठकीला कुठेच दिसलो नाही. काहींनी चौकशी केली. एक कार्यकर्ते तर घरी येऊन "तब्येत बरी आहे ना?" असे विचारून गेले. तब्येत ठणठणीत होती. आम्ही घरात ओट्याशेजारी पाट टाकून, वाचायचा चष्मा चढवून, एका खेळण्याचे पोट उघडून बसलो होतो. तेव्हा खरे कारण सांगायला संकोच वाटला. आज या सदरातून सांगतो.

झाले असे. आमच्या मामीची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करून भाड्याच्या जागेत जायचे होते, म्हणून सामान आवरायला आम्ही गेलो. मामांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांची पत्र्याची ट्रंक पलंगाखालून ओढून काढली. तिच्यात जहाजावरच्या नोकरीची कागदपत्रे, लोकरीचा एक जाड स्वेटर, परदेशी नाण्यांची पुरचुंडी आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुठ्ठ्याचा खोका होता. मामीने तो उघडला आणि म्हणाली, "हे बघ, तुझ्या मामाने आणलेलं. ह्याच्यापायी दादाने केवढा मार खाल्ला होता, आठवतं का रे?"

आम्हाला चांगले आठवत होते. आम्ही म्हणालो, "नाही गं मामी, नीट नाही आठवत."

खोक्यात गेमबॉय होता. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल. हातात धरून खेळायचे हे यंत्र निन्टेन्डो या जपानी कंपनीने एप्रिल १९८९ मध्ये बाजारात आणले. राखाडी रंगाचे, विटेसारखे जाड, साधारण १५ सेंटिमीटर उंच. वरच्या भागात हिरवट काच, खाली डावीकडे अधिकच्या खुणेसारखे बटण, उजवीकडे दोन गोल बटणे, आणि पाठीत चार पेन्सिल सेल. पाठीमागच्या खाचेत कॅसेट घातली की खेळ सुरू. आपल्याकडे त्या काळात बहुतेक मुलांच्या हाती आला तो स्वस्तातला 'ब्रिक गेम'. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा त्यातला खेळ म्हणजे टेट्रिसची नक्कल. टेट्रिस अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला आणि पुढे गेमबॉयबरोबर तो जगभर गेला. आमच्या मामांनी सिंगापूरहून आणलेल्या खोक्यातही तीच कॅसेट होती.

ही गोष्ट १९९४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीतली. आम्ही सातवी पास होऊन आठवीत जाणार होतो. दादा, म्हणजे आमचा मामेभाऊ, आमच्याहून दोन वर्षांनी मोठा. मामांनी गेमबॉय दादाच्या हातात दिला आणि नियम घालून दिला. खेळून झाले की चारही सेल काढायचे, सेल वेगळे ठेवायचे, खेळणे वेगळे. सेल फुटून बॅटरी कशी खराब होते हे त्यांनी बोटीवर पाहिले होते. दादा हा नियम पाळायचा. सुट्टीच्या शेवटच्या रात्री सगळे झोपल्यावर आम्ही माळ्यावरून खोका काढला, गोधडीत शिरून खेळलो, झोप आली तसा गेमबॉय खोक्यात टाकला आणि सकाळच्या गाडीने घरी निघून आलो. सेल आतच राहिले. पुढे दादाचे नववीचे वर्ष म्हणून मामीने खोका वर्षभर माळ्यावरून खाली काढू दिला नाही.

पुढच्या मे महिन्यात मामा बोटीवरून परत आले तेव्हा आम्ही सुट्टीला तिथेच होतो. मामांनी खोका काढला, पाठीचे झाकण उघडले. आत सेल फुटून कीट चढले होते. मामांनी दादाला पट्ट्याने मारले. "मी नाही ठेवले," असे तो म्हणत होता. दाराच्या चौकटीला टेकून आम्ही उभे होतो. आम्ही बोललो नाही.

दादा त्याआधी घड्याळ, रेडिओ, बॅटरी, जे दिसेल ते उघडून बघायचा. त्या दिवसानंतर मामांनी त्याला कशालाच हात लावू दिला नाही आणि त्यानेही लावला नाही. वायरमनचा कोर्स करायचे त्याच्या मनात होते, तो झाला नाही. घरच्या पैशाची ओढाताण हे त्याचे खरे कारण. तरी आमच्या मनात ती दोन टोके जोडली गेली आहेत ती सुटत नाहीत.

तर मामीला आम्ही म्हणालो, "हे मी घेऊन जातो, बघतो चालू होतं का." मामी म्हणाली, "ने. तसंही भंगारवाल्यालाच जाणार होतं."

आम्ही बी.कॉम. झालेलो कारकून. जमा-खर्चाची वही सोडून कशाचे पोट उघडून बघितलेले नाही. म्हणून प्रथम लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या एका दुकानदाराने गेमबॉय उलटसुलट करून पाहिला, झाकणाखालचे कीट पाहिले आणि "साहेब, याचं आता काही होत नाही, टाकून द्या" असे सांगितले. त्याचे चुकले असे म्हणवत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी तीन तास कोण घालवणार? पण त्याच दुकानात आम्ही मल्टिमीटर विकत घेतला. पुढच्या दुकानांतून तीन पाकळ्यांच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, एक साधा सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली घेतली. सगळे मिळून हजाराच्या आत. घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, "अहो, एवढ्यात मुलीचे दोन ड्रेस आले असते." हिशेब बरोबर होता. आम्ही गप्प राहिलो.

हा विशेष स्क्रूड्रायव्हर का लागतो ते सांगितले पाहिजे. गेमबॉयच्या पाठीला सहा स्क्रू असतात, चार बाहेर आणि दोन सेलच्या खणात. त्यांच्या डोक्यावर नेहमीची फुली नसते, तीन पाकळ्यांची खाच असते. ग्राहकाने आत हात घालू नये म्हणून केलेली ही व्यवस्था. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला की खाच झिजते आणि मग तो स्क्रू कोणालाच निघत नाही. वस्तू आपण पैसे मोजून घेतलेली, पण ती उघडण्याचा हक्क मात्र आपला नाही, असा हा प्रकार. आता निरनिराळ्या देशांत 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून चर्चा चालू आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली होती. असो.

मामाच्या यंत्राला हात लावण्याआधी कशावर तरी हात बसवावा म्हणून जुन्या बाजारातून एक बंद ब्रिक गेम आणला. तो उघडला आणि पहिलाच धडा मिळाला. त्याच्या काचेखाली रबराची एक बारीक पट्टी असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आळीपाळीने असतात, म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. बोर्डावरून काचेपर्यंत वीज हीच नेते. आम्ही ती धूळ समजून झटकली! अर्धा तास शोधून ती पाटाखाली सापडली. परत बसवताना केसभर तिरकी बसली आणि पडद्यावर अर्धेच ठोकळे दिसू लागले. शिवाय त्याची मुख्य चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली कायमची गाडलेली. तिथे कोणाचेच काही चालत नाही. तो ब्रिक गेम अजून अर्धाच चालतो. शेजारचा पोरगा तसाच खेळतो, त्याची तक्रार नाही.

या फजितीतून एक सवय लागली. दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायचा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवायचा. नवशिक्याला यापेक्षा चांगले हत्यार नाही.

आता गेमबॉय. सहा स्क्रू काढले आणि पुस्तक उघडावे तसे दोन भाग ओढले, तर आतून काहीतरी ताणले गेले. आमचे हात थांबले. पुढच्या अर्ध्या भागात काच, बटणे आणि स्पीकर. मागच्या अर्ध्या भागात मुख्य चिप, कॅसेटची खाच, चालू-बंदचे बटण आणि सेलचे पत्रे. या दोन्हींना जोडणारी एक पातळ चपटी पट्टी असते. ती फाटली असती तर हे सदर इथेच संपले असते. ती तिच्या खाचेतून हलक्या हाताने सरळ ओढली की निघते.

पाठीच्या खणात सेलच्या पत्र्यांवर कीट होते, पांढरे-हिरवे, खडीसाखर फुटल्यासारखे. आम्ही जिथे जिथे वाचले होते तिथे एकच उपाय दिला होता, व्हिनेगर लावा. आम्ही व्हिनेगर वाटीत ओतलेसुद्धा. आमची लेक दहावीत आहे. ती वही घेऊन शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, ते आम्ल आहे की आम्लारी, हे आधी बघितलंत का?"

बघितले नव्हते. तिने स्वयंपाकघरातून हळद आणली, पाण्यात कालवून कागदाच्या तुकड्यावर लावली. हळद आम्लारीला लाल होते, आम्लाला पिवळीच राहते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्या प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे, फक्त ते विज्ञान आहे असे आपण तिला कधी सांगत नाही. कीटाचा कण ओला करून त्या कागदावर ठेवला. हळद पिवळी ती पिवळीच.

मग उलगडा झाला. आज आपण 'अल्कलाइन' म्हणून जे सेल घेतो त्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते आम्लारी, म्हणून त्याच्या कीटाला व्हिनेगर चालते. पण १९९४ साली आम्ही घातलेले सेल साधे, जस्त-कार्बनचे. त्यांतली द्रव्ये आम्लधर्मी असतात. त्यावर व्हिनेगर म्हणजे आगीत तेल. त्याला खाण्याचा सोडा पाहिजे. चमचाभर सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावला, तेव्हा बारीक बुडबुडे आले. लेकीने वहीत काहीतरी लिहून घेतले. त्यानंतर ओल्या कापसाने सोडा पुसला आणि शेवटी अल्कोहोलचा हात फिरवला. अल्कोहोल पाणी घेऊन उडून जाते आणि मागे काही ठेवत नाही. मात्र त्यासाठी बाटलीवरची टक्केवारी वाचून जास्तीत जास्त शुद्ध असलेले घ्यावे. आणि हे सगळे करताना सेल काढलेले असावेत, खिडकी उघडी असावी, जवळ शेगडी पेटलेली नसावी. सौ.ंनी त्या दुपारचा चहा त्यामुळे पुढे ढकलला.

बोर्डाला जोडलेला एक पत्रा कीटाने पार खाल्ला होता, बोट लावताच तुटला. तो नवीन बसवायचा म्हणजे सोल्डर करणे आले. आमचे पहिले दहा-बारा जोड आम्ही एका मेलेल्या रेडिओच्या बोर्डावर केले. सगळे मातकट गोळे झाले, नुसते चिकटलेले. त्याचे कारण असे की, आम्ही सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून वरून ठिबकवत होतो. खरी रीत उलटी आहे. ज्या दोन धातूंना जोडायचे ते दोन्ही आधी आयर्नच्या टोकाने तापवायचे आणि सोल्डरची तार त्या तापलेल्या जागेला लावायची. ती आपोआप पसरते आणि जोड आरशासारखा चमकतो. मग आयर्न लगेच उचलायचा, नाही तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडून येते. या सोल्डरमध्ये शिसे असते. म्हणून लेकीला लांब बसवले आणि नंतर हात साबणाने धुतले.

चार नवे सेल घातले, कॅसेट घातली, बटण सरकवले. काही नाही.

अशा वेळी नवशिका माणूस एक तर सगळे बंद करून ठेवतो, नाही तर दिसेल ते उपटू लागतो. आम्ही दुसऱ्या जातीचे निघालो असतो. पण मल्टिमीटरचा उपयोग इथेच आहे. चार सेल, प्रत्येकी दीड व्होल्ट, म्हणजे सहा. पत्र्यांवर मोजले, सहाच्या वर काटेकोर आकडा आला. चालू-बंदच्या बटणाच्या अलीकडे मोजले, सहा. बटणाच्या पलीकडे मोजले, शून्य. जमा-खर्च जुळत नसेल तर कारकून काय करतो? एकेक पान मागे जातो आणि रक्कम कुठे गळाली ते बघतो. इथे ती बटणात गळाली होती. तीस वर्षे न हललेल्या बटणाच्या आत काळा थर साचला होता. सेल काढून बटणाच्या फटीत अल्कोहोलचे दोन थेंब सोडले आणि ते पन्नास-साठ वेळा सरकवले. वाळू दिले. सेल घातले.

लाल दिवा लागला. काचेवर वरून एक काळा पट्टा हळूहळू खाली आला आणि मध्यावर थांबला.

लेक म्हणाली, "बिघडलंच आहे." पण हा काळा पट्टा म्हणजे यंत्र जिवंत असल्याची पावती होती. चालू झाल्याबरोबर गेमबॉय कॅसेटमधून कंपनीचे नाव वाचतो आणि स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. जुळले तर खेळ, नाही तर जागच्या जागी थांबतो. कॅसेट वाचताच आली नाही तर नावाच्या जागी काळा ठोकळा दिसतो. म्हणजे यंत्र ठीक, कॅसेटच्या सोनेरी दातांवर मळ. लहानपणी आपण सगळे कॅसेटमध्ये जोराने फुंकर मारत असू. चालायची, म्हणून फुंकरीवर विश्वास बसला. खरे तर कॅसेट काढून पुन्हा घातल्याने दात घासले जात आणि काम होई. फुंकरीतून जाते ती थुंकीची ओल आणि तिने दात गंजतात. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून दात पुसले, दोन काड्या काळ्या झाल्या, तिसरी स्वच्छ निघाली. पुन्हा बटण सरकवले. नाव खाली आले आणि 'डिंग' असा तो आवाज झाला. आवाज अगदी बारीक, मुंगीने घंटा वाजवावी तसा. पण ३१ वर्षांनी तो कानावर पडला आणि आमच्या पोटात काहीतरी हलले. आनंद होताच, पण नुसता आनंद नव्हता.

आवाजाचे लवकर आटोपले. कानाला लावायच्या यंत्रातून आवाज स्वच्छ येत असेल आणि स्पीकरमधून नसेल तर स्पीकर गेला असे समजावे. आमच्याकडे दोन्हीकडे खरखर होती, म्हणजे दोष आवाजाच्या चाकात. तेही अल्कोहोल लावून मागेपुढे फिरवले.

राहिली काच. गेमबॉयची काच आडव्यात १६० आणि उभ्यात १४४ ठिपक्यांची. आमच्या काचेवर उजव्या बाजूला नऊ उभ्या रेषा कायमच्या कोऱ्या होत्या. टेट्रिसचा ठोकळा तिथे गेला की त्याला चिरे पडत. याचे कारण काचेच्या खालच्या कडेला चिकटवलेली बारीक वायरींची पट्टी. तिचा डिंक वयोमानाने सुकतो आणि काही तारा काचेपासून सुटतात. यात कोणाची चूक नाही, वय आहे. उपाय म्हणजे यंत्र चालू ठेवून, त्या पट्टीवर सोल्डरिंग आयर्नचे टोक हलकेच, न थांबता, इकडून तिकडे फिरवायचे. उष्णतेने डिंक मऊ होऊन तारा पुन्हा चिकटतात. एका जागी थांबलात तर पट्टी जळते आणि नऊच्या जागी नव्वद रेषा जातात. आडव्या रेषा गेल्या असतील तर दोष बाजूच्या कडेला असतो. ते काम जास्त नाजूक, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

हे काम आम्ही चार दिवस पुढे ढकलले. खेळता येत होतेच, मग कशाला जोखीम घ्या? आजकाल गेमबॉयसाठी मागून उजेड देणाऱ्या नव्या रंगीत काचाही मिळतात. जुनी काढली, नवी लावली, काम झाले. गेमबॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर विकले गेले, त्यामुळे सुटे भाग अजून कोणी ना कोणी बनवते. पण मामांनी आणलेली काच ती. रविवारी पहाटे सगळे झोपलेले असताना आम्ही आयर्न तापवला. पहिल्या फेरीत काही झाले नाही. दुसऱ्या फेरीत दोन रेषा आल्या आणि आधी चांगली असलेली एक गेली. हाताला घाम सुटला. पाचव्या-सहाव्या फेरीला एकेक रेषा पाऊस येताना पहिले थेंब पडावेत तशी उमटत गेली. नऊपैकी आठ आल्या. नववी नाही आली. तिच्यासाठी पुन्हा टोक लावले नाही. हाव धरली की असलेलेही जाते, हे ब्रिक गेमने शिकवले होते.

आपण इतके अडाणी असून हे यंत्र आपल्या हातून चालू झाले कसे, याचा आम्ही विचार करू लागलो. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी ते घडवणाऱ्याला आहे. ज्यांच्या विभागात गेमबॉय तयार झाला ते गुनपेई योकोई १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागले तेव्हा ती कंपनी पत्ते छापत असे आणि योकोईंचे काम कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करणे हे होते. फावल्या वेळात त्यांनी लांबवर पोहोचणारा एक खेळण्यातला हात बनवला, तो मालकाच्या नजरेस पडला आणि त्यांना खेळणी बनवायला बसवले. आगगाडीत एक माणूस कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला पाहून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, तो १९८० चा 'गेम अँड वॉच'. नवे, महागडे तंत्र हाती असताना जुने, स्वस्त, सगळ्यांना उमगलेले तंत्र घेऊन त्याचा वेगळा वापर करायचा, हा त्यांचा आग्रह. म्हणून गेमबॉय रंगीत केला नाही. त्याच सुमारास आलेली प्रतिस्पर्धी यंत्रे रंगीत होती, त्यांतल्या सेगाच्या गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. आज त्या गेम गिअरमधले छोटे कपॅसिटर गळून बोर्ड खराब करतात आणि सगळे बदलावे लागतात. नव्याने शिकणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये. गेमबॉय मात्र आखाती युद्धातल्या आगीत वरून वितळलेला असा एक, चालू स्थितीत, न्यूयॉर्कच्या दुकानात कितीतरी वर्षे मांडून ठेवलेला होता. देखभाल करणाऱ्या हाताला वस्तू कुठे मोडते ते आधीच माहीत असते. योकोई १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले.

गेमबॉय पिवळट पडला आहे. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला की तो पुन्हा राखाडी होतो म्हणतात. आम्ही केले नाही.

मग एका रविवारी तो घेऊन मामीच्या भाड्याच्या जागी गेलो. दादाची रात्रपाळी संपून तो नुकताच आला होता, बनियनवर चहा पीत होता. आम्ही खोका पुढे ठेवला. त्याने उघडून पाहिले, काही न बोलता बटण सरकवले. 'डिंग' झाले. मामी आतून पदराला हात पुसत आली. दादा खेळू लागला. बोटे सगळी ओळखीची असल्यासारखी चालत होती. दुसरी की तिसरी रांग भरली असेल, तेव्हा आम्ही सांगितले. सुट्टीची शेवटची रात्र, गोधडी, सेल, सगळे.

दादाने मान वर केली नाही. एक ठोकळा नको तिथे पडला. मग म्हणाला, "मला वाटायचं मीच विसरलो. किती वर्षं आठवत बसायचो, कधी ठेवले म्हणून."

मामी म्हणाली, "तेव्हाच बोलला असतास तरी तुला कुणी काही केलं नसतं रे. भाच्यावर कोण हात उचलतो?"

"तेच तर," दादा म्हणाला.

नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. पडद्यावर ठोकळे वरपर्यंत साचले आणि खेळ संपला. दादाने गेमबॉय उलटा करून स्क्रूवरून अंगठा फिरवला.

"हे कशाने उघडलंस? आणलायस का ते?"

स्क्रूड्रायव्हर आमच्या पिशवीत होता. दादाने मामीकडून एक वाटी मागून घेतली. आधी पाठीचे झाकण काढले, चारही सेल काढून खिडकीत ओळीने उभे केले आणि मग पहिल्या स्क्रूला हात घातला.